टोपलीआधीचा वाफा

रोमन मुत्सद्दी थोरला केटो याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर एक ग्रंथ लिहिला. आज संपूर्ण उपलब्ध असलेल्या लॅटिन गद्यग्रंथांत तो सर्वांत जुना. चांगली शेतजमीन कोणती, याची प्रतवारी केटोने त्यात लावून दिली आहे. पहिला मान द्राक्षमळ्याला, दुसरा पाटपाण्याच्या भाजीमळ्याला आणि तिसरा विलोच्या वाफ्याला. ऑलिव्हची बाग चौथी, धान्याचं शेत तर थेट सहावं. आजच्या वाचकाला हा क्रम चमत्कारिक वाटेल, पण त्यामागचा हिशेब रोकडा आहे. द्राक्षवेली बांधायला विलोच्या काड्या लागत, आणि खुडलेली द्राक्षं, ऑलिव्ह वाहायला टोपल्या. त्या वेळेवर मिळाल्या नाहीत तर हाताशी आलेला हंगाम वाया जाई.

केटोने टोपलीला नव्हे, वाफ्याला क्रमांक दिला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टोपल्या विणण्याची कला म्हटलं की आपण विणणाऱ्याच्या बोटांकडे बघतो. पण टोपली धड होणार की नाही, याचा निम्मा निकाल वाफ्यात लागून गेलेला असतो. रोपं किती दाट लावली, कोणत्या महिन्यात छाटली, फोक सरळ वर गेला की त्याला मध्येच फाटे फुटले, यावर पुढचं सगळं ठरतं. विणणाऱ्याचं पोट या कलेवर भरेल की नाही, हेही पुष्कळ अंशी वाफा कोणाच्या ताब्यात आहे त्यावरच ठरत आलं आहे. विणकामावरच्या पुस्तकाची सुरुवात मी लागवडीपासून केली आहे ती यामुळे.

मराठी वाचकाची विलोशी ओळख क्रिकेटच्या बॅटमुळे. बॅटचा विलो आणि टोपलीचा विलो एकाच प्रजातीतले, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. बॅटचं झाड पंधरा-वीस वर्षं वाढू देतात आणि एकदाच तोडतात. टोपलीच्या विलोला झाड होऊच देत नाहीत. पानगळ झाली की दर हिवाळ्यात त्याचे सगळे फोक जमिनीलगत कापून घेतात. मागे खुंट तेवढा राहतो. वसंतात त्याच खुंटातून नवे फुटवे येतात आणि पुढच्या पानगळीपर्यंत ते माणसाच्या डोक्यावर जातात. नीट राखलेला खुंट वीस-तीस वर्षं असा कापता येतो.

सॅलिक्स या प्रजातीत चारशेच्या आसपास जाती आहेत, पण युरोपातला टोपलीचा व्यवहार मुख्यतः तिघींवर चालतो. सॅलिक्स ट्रायँड्रा ही सर्वांत भरवशाची. तिचा ‘ब्लॅक मॉल’ हा वाण इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला, तर ‘न्वार द व्हिलेन’ हा फ्रान्समधला तिचाच भाऊबंद. सॅलिक्स व्हिमिनॅलिस झपाट्याने वाढते, उंच जाते, पण तिच्या काडीत भेंड जास्त. त्यामुळे कुंपणाचे ताटवे आणि दांडगी टोपली यांना ती बरी. सॅलिक्स पर्प्युरियाचे फोक बारीक आणि चिवट असतात, त्यामुळे नाजूक कामाला तिला तोड नाही. तिची साल इतकी कडू असते की ससे आणि हरणं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. घरच्या बागेत लावणाऱ्याला हा गुण फार उपयोगी पडतो.

आपल्याकडेही याच प्रजातीचं एक झाड आहे. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी दिसणारा वाळुंज म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा.

पुठ्ठा आणि प्लॅस्टिक येण्याआधी युरोपातला जवळजवळ सगळा माल टोपल्यांतून हलत असे. मासे, कोळसा, पाव, कोंबड्या, धुण्याचे कपडे, टपालाची कबुतरं, प्रत्येकासाठी निराळी टोपली. लंडनमध्ये टोपली विणणाऱ्यांचा संघ 1569 साली उभा राहिला आणि तो आजही आहे. एवढ्या टोपल्यांना लागणारा फोक कुठून येत होता हे बघायचं तर सॉमरसेटच्या सखल पट्ट्यात जावं लागतं. पॅरेट आणि टोन या नद्यांमधली ही जमीन हिवाळ्यात पाण्याखाली जाते. दुसरं पीक जिथे कुजून जाईल तिथे विलो तग धरतो. स्टोक सेंट ग्रेगरीच्या आसपास एकोणिसाव्या शतकात त्याचे मैलोन्‌मैल वाफे होते, आणि आख्खी गावं लावणी, कापणी, सोलणी आणि विणणी यांवर जगत होती.

फोक तयार करण्याच्या तीन रीती तिथे पक्क्या झाल्या आणि आज जगभर त्याच मानल्या जातात. कापलेला फोक सालीसकट वाळवला तर तो ‘ब्राउन’. कापलेल्या पेंढ्या हिवाळाभर वीतभर पाण्यात उभ्या ठेवल्या आणि वसंतात रस चढून पालवी फुटू लागल्यावर सोलल्या, तर आत निघते पांढरीशुभ्र काडी, ती ‘व्हाइट’. पेंढ्या मोठ्या हौदात कित्येक तास उकळून मग सोलल्या, तर सालीतलं टॅनिन काडीत उतरून तिला बदामी रंग चढतो, ती ‘बफ’. सोलण्याचं साधन अगदी साधं, खांबाला ठोकलेला लोखंडी चिमटा. त्याच्या दोन दांड्यांमध्ये फोक घालून खसकन ओढला की साल फाटून खाली पडते. हे काम मुख्यतः बायका आणि मुलं करत. वसंतात सोलणीचा हंगाम आला की मुलं शाळेतून गायब होत. या धंद्याच्या सुखद आठवणी सांगताना त्या मुलांचा विसर पडू नये.

दोन्ही महायुद्धांनी या वाफ्यांना अखेरची तेजी दिली. पहिल्या युद्धात तोफगोळे वाहायला विलोच्या टोपल्या लागल्या. दुसऱ्या युद्धात पॅराशूटने रसद टाकायला विलोचेच पेटारे वापरले, कारण जमिनीवर आपटल्यावर ते दबतात पण फुटत नाहीत. त्यानंतर प्लॅस्टिक आलं आणि वाफे उखडून कुरणं झाली. आज सॉमरसेटमध्ये मोठ्या प्रमाणावर विलो लावणारी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शवपेट्या, चित्रकारांचा कोळसा, गरम हवेच्या फुग्याखालचे पाळणे, शोभेच्या टोपल्या यांवर त्यांचं चालतं. वाण मात्र वाचले, आणि त्याचं श्रेय ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन संशोधन केंद्राला. तिथे 1922 साली विलोचा संग्रह सुरू झाला. ते केंद्र बंद होताना तो रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात हलवला, आणि आज घराघरांतून लागणाऱ्या कित्येक कांड्यांची वंशावळ त्या संग्रहापर्यंत जाते.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो टॉमस ओकी. जन्म 1852 चा, लंडनच्या ईस्ट एंडमधला, पोटापाण्याचा धंदा टोपल्या विणणं. काम सांभाळून तो इटालियन शिकला, दान्तेचा अभ्यासक झाला, आणि 1919 साली केंब्रिज विद्यापीठातला इटालियनचा पहिला सेरेना प्राध्यापक झाला. त्याच्या आधी, 1912 साली, त्याने टोपली विणण्याच्या कलेवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ज्याला फोक भिजवता येतो आणि वाक्यही लिहिता येतं, अशा माणसाचं ते पुस्तक. या विषयावर पुढे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं ऋण आहे, माझ्याही.

विणण्याच्या घराण्यांबद्दल नवख्या वाचकाला थोडं सांगायला हवं. इंग्लंडची मुख्य रीत बुडापासून वर जाणारी. जाड काड्यांची फुली बांधून गोल बूड विणायचं, त्याच्या कडेने उभे फोक खोचून वर वळवायचे, आडवे फोक भरत जायचं आणि शेवटी उभ्या फोकांची टोकंच एकमेकांत गुंफून काठ करायचा. आयर्लंडमध्ये पीट (जळणाची दलदली माती) वाहायची टोपली बरोबर उलटी विणतात. उभे फोक जमिनीत रोवायचे, तोंडाकडून बुडाकडे विणत यायचं आणि शेवटी आख्खी टोपली उपटून सुलटी करायची. वेल्समध्ये आधी लाकडी कडं आणि बरगड्या यांचा सांगाडा करून त्यात विणतात. फ्रान्सच्या पेरिगोर भागातली ‘बुइरिकू’ टोपली मळसूत्रासारखी चढते, आणि तिची वीण समजायला दोन वेळा पाहावी लागते. जर्मनीत लिख्टेनफेल्सच्या आसपास फोकाच्या तीन चिरफाळ्या काढून, त्या रंधून फितीसारख्या पातळ करतात आणि कापडाइतकं बारीक विणतात. तिथलं शासकीय विणकाम-विद्यालय अजून चालू आहे.

फ्रान्समधल्या व्हिलेन-ले-रोशे या गावाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. तिथे 1849 साली गावच्या पाद्र्याने विणकरांची सहकारी संस्था उभी केली. ती आजही आहे, आणि तिचे सभासद आपला विलो स्वतः लावतात. व्यापारी मध्ये नाही, फोकाची ददात नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने या उदाहरणाकडे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं.

भारतात टोपलीचा विलो म्हणजे काश्मीर. गांदरबलच्या आसपासच्या गावांत शरदात फोक कापतात, उकळतात, सोलतात आणि वाळत घालतात. विणणारे शाखसाज. त्यांच्या टोपल्या देशभर जातात, पण खुद्द काश्मिरी माणसाच्या अंगाशी असते ती कांगडी. मातीच्या भांड्यात निखारे, त्याभोवती विलोचं विणलेलं आवरण, आणि ती फेरनच्या, म्हणजे ढगळ काश्मिरी अंगरख्याच्या, आत. चरार-ए-शरीफच्या कांगडीचा लौकिक मोठा. निखाऱ्यापासून बोटभर अंतरावर असलेली ही वीण जळत नाही आणि सुटत नाही, यावरून कामाची पारख करावी.

वाळुंज असूनही महाराष्ट्रात टोपलीला विलो नव्हता, पण तिचं शास्त्र होतं. बुरुडाने बांबू चिरून सूप, रोवळी, परडी, कणगी केली. कैकाड्याने तरवड आणि निर्गुडी यांचे फोक वापरले. निर्गुडीचा फोक आणि विलोचा फोक यांत गुण सारखा. कापलं की बुडातून पुन्हा सरळ फुटवे येतात, ओले असताना वळतात, वाळले की आकार धरतात. फरक होता तो मालकीचा. निर्गुडी दुसऱ्याच्या बांधावर आणि ओढ्याकाठी वाढत होती, आणि ती तोडणाऱ्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. फोक तोडून टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाचं हे भटकं जगणं लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तून 1980 साली मराठी वाचकांसमोर आलं. बुरुडाची कथा निराळी दिसली तरी अडचण तीच. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत गणलं आणि त्याची तोड नि वाहतूक वनखात्याच्या परवान्याला बांधली. ही गाठ सुटायला फार वर्षं गेली. वनहक्क कायद्याच्या आधारे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार 2011 मध्ये मिळाला. जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती आली ती 2017 मध्ये.

माझं म्हणणं या सगळ्यातून आलेलं आहे. टोपलीची कला प्लॅस्टिकने मारली असं सरसकट सांगितलं जातं. प्लॅस्टिकने गिऱ्हाईक नेलं हे खरं. पण जिथे विणणाऱ्याच्या हातात फोक होता तिथे ती गिऱ्हाइकाविनाही दोन पिढ्या तगली आणि आता पुन्हा उभी राहते आहे. जिथे फोकासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं तिथे ती आधी मोडली. म्हणून घरामागच्या चार वाफ्यांना मी छंदाहून मोठं मोल देते.

असे वाफे गेल्या काही दशकांत ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क, फ्रान्स आणि अमेरिकेत वाढत आहेत. टोपली आजही यंत्रावर विणता येत नाही. दुकानात स्वस्त मिळणारी टोपलीसुद्धा कुठल्यातरी दूरच्या देशात कोणीतरी हातानेच विणलेली असते, आणि त्या हातांना काय मिळालं हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांतले काही जण स्वतः विणायला शिकले. शिकल्यावर कळलं की हवा तसा फोक विकत मिळत नाही, मिळाला तर एकाच जाडीचा आणि एकाच रंगाचा मिळतो. मग त्यांनी तो लावला. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे मागचं अंगण किंवा नगरपालिकेचा भाजीचा तुकडा आहे, त्यांना हे सहज जमण्याजोगं आहे.

किती सहज, ते थोडक्यात सांगते. हिवाळ्यात कापलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फोकाची वीतभराहून थोडी लांब कांडी घ्यायची आणि डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन तृतीयांश जमिनीत खुपसायची. मूळ फुटायला औषध लागत नाही. दोन कांड्यांत 30 सेंटिमीटर, दोन ओळींत 60. याहून विरळ लावायचा मोह होतो, पण दाटी हवीच. उजेडासाठी चढाओढ झाली तरच फोक सरळ वर जातो, मोकळी जागा मिळाली की फाटे फोडतो. या अंतराने 50 कांड्यांना 3 मीटर बाय 3 मीटर जागा पुरते. पहिली दोन वर्षं तणाशी लढायचं. पहिल्या हिवाळ्यात फोक कितीही किडकिडीत असले तरी ते जमिनीलगत कापायचेच. खरं पीक तिसऱ्या वर्षी. तेव्हा एका खुंटाला साधारण दहा-पंधरा कामाचे फोक मिळतात, आणि मध्यम टोपलीला शंभर-सव्वाशे लागतात. निवडीत जाणारे वजा केले तरी वर्षाला तीन-चार टोपल्यांची बेगमी होते.

निवड हे काम मला कापणीइतकंच आवडतं. सगळे फोक बूड खाली करून एका पिंपात उभे करायचे, शेजारी फुटांच्या खुणा केलेली काठी ठेवायची आणि सर्वांत उंच डोकी दिसतील ती आधी उपसायची. सात फुटी, सहा फुटी, पाच फुटी अशा पेंढ्या पडत जातात आणि त्या वर्षीचा पाऊस कसा होता ते पेंढ्यांच्या जाडीवरून कळतं. मग सालीसकट वाळलेला फोक विणण्याआधी भिजवायचा तो उंचीच्या हिशेबाने, फुटाला एक दिवस. बाहेर काढून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. सकाळी बुडाकडचा भाग बोटाभोवती वळवून बघायचा. साल तडकली नाही तर विणायला बसावं.

अडचणीही आहेत. तांबेरा पडतो, मावा येतो, भुंगेरे पानांची चाळण करतात. एकाच वाणाचा वाफा एका रोगाने बसू शकतो, म्हणून चार-पाच वाण मिसळून लावणं शहाणपणाचं. विलोची मुळं पाण्याच्या शोधात दूर जातात, तेव्हा घराचा पाया आणि सांडपाण्याचे नळ यांच्याजवळ तो लावू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वसंताच्या तोंडाला मधमाश्यांना पराग देणारी विलोची फुलं गेल्या वर्षीच्या फोकावर येतात. आपण सगळे फोक कापले तर माश्यांच्या वाट्याला काही उरत नाही. दर वर्षी दोन-तीन खुंट न कापता ठेवावेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना खोटी आशा दाखवायची नाही. टोपलीचे हे युरोपी वाण थंडीत पानं गाळून विसावतात आणि त्या विसाव्यावरच त्यांची वार्षिक कापणी उभी आहे. पुण्या-नागपुरात तसा हिवाळा नाही. तिथल्या वाचकाने या पुस्तकातून रीत घ्यावी आणि ती निर्गुडीला लावून बघावी. दाट लागवड, ठरलेल्या वेळी बुडापासून छाटणी, उंचीप्रमाणे निवड. मात्र ज्यांच्या घराण्यात हे ज्ञान पिढ्यांचं आहे त्यांच्याकडे शिष्य म्हणून जावं, आणि शिकल्याचे पैसे द्यावेत.

या पुस्तकात कांडीपासून काठापर्यंतचा एक पूर्ण फेरा मांडायचा प्रयत्न आहे. बाजारासाठी लागवड करणाऱ्याला लागणारं गणित यात नाही, आणि प्रत्येक देशाची प्रत्येक टोपलीही नाही. गोल, लांबट आणि बरगड्यांची अशा तीनच टोपल्या घेतल्या आहेत, पण त्या पुरेशा सावकाश समजावल्या आहेत. बूड, अंग, काठ, कडी हे आपले शब्द असताना मी ते वापरले. वाणांची आणि तयार फोकांची नावं मात्र तिकडची तशीच ठेवली, कारण वाचकाला त्याच नावांनी मागणी करावी लागणार आहे.

पुस्तक उन्हाळ्यात हाती पडलं असेल तर आजच जागा ठरवा आणि ती जाड पुठ्ठ्याने किंवा काळ्या कापडाने झाकून टाका, म्हणजे लावणीपर्यंत तण मरून जाईल. कांड्यांची मागणी नोव्हेंबरपर्यंत नोंदवा, चांगले वाण लवकर संपतात. हिवाळा असेल तर विणकामाची प्रकरणं सध्या बाजूला ठेवा आणि लागवडीचं प्रकरण आधी वाचा. मार्चअखेरपर्यंत कांड्या जमिनीत गेल्या पाहिजेत.